कार्यशाळेची हत्यारपेटी : पारख आणि निवड

लघुउद्योगासाठी कर्ज मागणाऱ्या ग्राहकाच्या प्रस्तावात यंत्रांची यादी सविस्तर असते. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, कॉम्प्रेसर, वेल्डिंग संच. प्रत्येकाचे दरपत्रक, क्षमता आणि पुरवठादाराचे नाव जोडलेले असते. यादीच्या शेवटी मात्र ‘किरकोळ हत्यारे व इतर’ अशी एक ओळ येते आणि तिच्यापुढे एक ठोकळ रक्कम लिहिलेली असते. पाने, पकडी, कानशी, मापनसाधने आणि ती ठेवावयाची पेटी हे सारे त्या एका ओळीत सामावते. बँकेचा अधिकारी ती ओळ वाचून पुढे जातो आणि खरे सांगावयाचे तर उद्योजकही पुढे जातो. प्रस्तुत लेख त्या ओळीविषयी, त्यातही प्रामुख्याने पेटीविषयी आहे.

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे नाव निघाले की काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले संगणक अभियंते डोळ्यांसमोर येतात. परंतु या वसाहतीचा पाया संगणकप्रणालींसाठी घातला गेला नव्हता. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ, म्हणजेच ‘किओनिक्स’, या संस्थेने १९७८ मध्ये आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारण्यास आरंभ केला, तो इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या उत्पादनासाठी. संगणक कंपन्यांचा ओघ नंतर आला. २०१० मध्ये सिल्क बोर्डपासूनचा उन्नत मार्ग खुला झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीवरून थेट बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली. या मार्गिकेच्या अखेरच्या स्थानकांच्या आसपास, हेब्बगोडी, बोम्मसंद्रा आणि पुढे जिगणीपर्यंत, छोट्या कार्यशाळांचे एक वेगळेच जग पसरले आहे. जिग, फिक्स्चर, पत्राकाम, साचे, सर्किट बोर्डांची दुरुस्ती, लिफ्ट, जनित्रे आणि वातानुकूलन यंत्रणांची देखभाल अशी कामे येथे होतात. या कार्यशाळांत बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली या भागांतून आलेली मराठी माणसेही भेटतात. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत हात बसलेला फिटर येथे आला की त्याला काम शोधावे लागत नाही.

अशाच एका ग्राहकाची हकिकत लेखाच्या ओघात सांगणे इष्ट वाटते. हे गृहस्थ बेळगावहून आलेले. आपल्या बँकेच्या कर्जावर त्यांनी फिक्स्चर बनवण्याचे छोटे युनिट सुरू केले. पाच कामगार, दोन लेथ, एक मिलिंग. पहिल्याच महिन्यात घाईने त्यांनी घड्या उलगडत उघडणारी पाच खणांची पत्र्याची पेटी घेतली. दिसायला ती उत्तम होती, लाल रंग चकचकीत होता. चार महिन्यांनी एका कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर फिक्स्चर बसवण्यास जात असता जिन्यात तिच्या मुठीचा एका बाजूचा रिव्हेट निघाला आणि पेटी अर्धा जिना खाली गेली. पाने-पकडींना काही झाले नाही. आतील ० ते २५ मि.मी.चा मायक्रोमीटरही वरवर सुस्थितीत दिसला, म्हणून कोणी त्याचे शून्य तपासले नाही. पुढच्या आठवड्यात त्याच मायक्रोमीटरने मोजून तयार केलेल्या चाळीस लोकेटिंग पिना ग्राहकाने परत पाठवल्या. प्रत्येकीचा व्यास दोन शतांश मिलिमीटरने चुकलेला होता. पिनांचे पोलाद, घासकाम, उष्णतासंस्कार आणि पुन्हा करण्याचे श्रम यांची बेरीज पेटीच्या किमतीच्या कितीतरी पट झाली. हप्ता भरण्यास त्या महिन्यात उशीर झाला आणि त्यामुळेच ही गोष्ट शाखेपर्यंत आली.

पेटी घेण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी करावयाचे काम हत्यारे जमिनीवर मांडून पाहण्याचे आहे. जी रोज हाताशी लागतात ती एका बाजूस, आठवड्यातून एकदा लागणारी दुसऱ्या बाजूस आणि मापनसाधने सर्वस्वी वेगळी. त्यानंतर त्यांचे वजन करावे. आश्चर्य वाटेल, पण बहुतेक कारागिरांना आपली पेटी किती किलोची आहे हे ठाऊक नसते. ६ ते ३२ मि.मी.पर्यंतचे पाने, गोटीपान्यांचा संच, दोन हातोड्या, छिन्न्या, कानशी, हॅकसॉ, ड्रिल यंत्र असे सगळे एकत्र केले तर आकडा सहज तिशीच्या पुढे जातो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, अगदी आदर्श परिस्थितीत दोन हातांनी उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. जिना, वाकलेली पाठ आणि एकाच हातातील मूठ या गोष्टी आल्या की ही मर्यादा आणखी खाली येते. आपल्याकडील माणूस यापेक्षा जास्त उचलतो, हे खरे. त्याची कंबर चाळिशीत बोलू लागते, हेही तितकेच खरे.

म्हणून एकाच पेटीत सर्व काही कोंबण्याचा हट्ट सोडावा. कार्यशाळेत एक स्थिर, खणांचे कपाट आणि बाहेरच्या कामासाठी एक हलकी पेटी अशी विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. जो केवळ बाहेरची देखभाल करतो, त्याने दोन लहान पेट्या घ्याव्यात. दोन्ही हातांत वजन समान राहते आणि दुचाकीवरही तोल सांभाळता येतो.

पत्रा किती जाड?

दुकानदाराला पत्र्याची जाडी विचारली की तो गेज सांगतो. गेजचा आकडा वाढतो तशी जाडी कमी होते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. प्रचलित ब्रिटिश मापानुसार १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मि.मी., २० गेजचा सुमारे ०.९ मि.मी. आणि २२ गेजचा सुमारे ०.७ मि.मी. जाड असतो. हातात न्यावयाच्या पेटीला २० गेज पुरेसा होतो. खणांच्या कपाटाचा सांगाडा १८ गेजचा असावा; खण २० गेजचे चालतात. २४ गेजच्या पेटीत पाने ठेवू नयेत. ती शिवणाच्या साहित्यासाठी ठीक.

परंतु दुकानदाराने सांगितलेला गेज खरा आहे किंवा नाही हे कसे समजावे? रंगामुळे आणि कडा दुमडलेल्या असल्यामुळे व्हर्निअरने जाडी मोजणे अवघड जाते. येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. पोलादाचा १ मि.मी. जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. समजा, पेटी ४५ सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद आणि २० सें.मी. उंच आहे. तिच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर होते. पत्रा ०.९ मि.मी.चा असेल तर केवळ पत्र्याचे वजन ३.१ किलोच्या आसपास आले पाहिजे, ०.७ मि.मी.चा असेल तर २.४ किलो, आणि ०.५ मि.मी.चा असेल तर अवघे १.७ किलो. मूठ, बिजागरी, आतील तबक यांचे वजन यात आणखी मिळवावे लागते. म्हणजे दुकानदार २० गेज म्हणतो आणि तबक-मुठीसह पेटी काट्यावर अडीच किलो भरते, तर त्याचे म्हणणे आणि काटा यांचा मेळ बसत नाही. एस. पी. रोडच्या, म्हणजे सादर पत्रप्पा रोडच्या, गजबजलेल्या दुकानांतही वजनकाटा सहसा मिळतो. तो मागण्यास संकोच करू नये.

जाडी हेच मात्र सर्वस्व नव्हे. पातळ पत्र्यालाही योग्य ठिकाणी घडी आणि उभार दिले तर तो ताठ राहतो. जाड पत्रा सपाट ठेवला तर मध्यभागी दबतो. पेटीच्या तळाला आणि झाकणाला उठावदार पट्ट्या दाबलेल्या आहेत का, काठ आत दुमडून दुहेरी केला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. दुमडलेल्या काठाचा आणखी एक लाभ असा की हात कापत नाही.

जोड, बिजागरी आणि मूठ

पेटी पत्र्यात क्वचितच फाटते. ती जोडांत सुटते. कोपऱ्यांवर स्पॉट वेल्डिंगचे ठसे जवळजवळ आणि सारख्या अंतरावर असावेत. दोन ठशांत चार बोटांचे अंतर असेल तर ती पेटी घेऊ नये. झाकणाची बिजागरी संपूर्ण लांबीची, पियानोला असते तशी, असेल तर उत्तम. दोन सुट्या बिजागऱ्या असलेले झाकण काही महिन्यांत एका बाजूस झुकते आणि मग कडी-कोयंडा जुळेनासा होतो.

मुठीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पेटीचा सारा भार तीच पेलते. मूठ ज्या पत्र्याला जोडली आहे त्याच्या आतल्या बाजूस दुसरी जाड पट्टी दिलेली असावी. नुसत्या झाकणाच्या पत्र्याला पोकळ पॉप रिव्हेटने जोडलेली मूठ धोक्याची. भरीव रिव्हेट किंवा आरपार बोल्ट व नायलॉनची नट हवी. वर सांगितलेल्या ग्राहकाच्या पेटीत हाच दोष होता. दुकानात पारख करताना रिकामी पेटी उचलून समाधान मानू नये. दुकानातीलच काही वजनदार माल तिच्यात भरावा, एका हाताने उचलावी आणि हलकेच झोका द्यावा. मूठ कुरकुरली, झाकण वाकले किंवा कडी आपोआप निसटली तर निर्णय आपोआप होतो. चांगला विक्रेता या परीक्षेला हरकत घेत नाही.

घड्या उलगडत उघडणारी पाच खणांची पेटी आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि तिची सोय नाकारता येत नाही. एका ओढीत सगळी हत्यारे दृष्टीस पडतात. परंतु तिचे खण ज्या पट्ट्यांवर झुलतात त्या पट्ट्यांचे सांधे हेच तिचे दुबळे अंग आहे. वरच्या खणांत जड वस्तू ठेवल्या की सांधे ढिले होतात आणि खण तिरके बसू लागतात. वरच्या खणांत स्क्रू, बिट, ॲलन की अशा हलक्या वस्तू व तळाशी जड हत्यारे, हा नियम पाळला तर अशी पेटी दीर्घकाळ टिकते. बंद करताना बोटे सांध्यांत सापडतात, हा तिचा दुसरा अवगुण शिकाऊ मुलांना आधीच सांगितलेला बरा.

खणांचे कपाट

स्थिर कपाट घेताना खण पूर्ण बाहेर येतो की अर्धाच, हे प्रथम पाहावे. अर्धा येणाऱ्या खणाच्या मागच्या भागात वस्तू जातात आणि विस्मरणात जातात. बॉल बेअरिंगच्या सरकपट्ट्यांवर जोडीची भारक्षमता दिलेली असते. रोजच्या वापराच्या खणासाठी ती ४५ किलोच्या आसपास असावी. खण पूर्ण उघडून त्याच्या पुढच्या काठावर तळहाताने दाबून पाहावे. थोडी लवचीकता स्वाभाविक आहे, परंतु खण खाली ओणवा होता कामा नये.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक ग्राहक विचारीतच नाहीत. एक खण उघडा असताना दुसरा उघडू नये अशी अडसराची योजना चांगल्या कपाटांत असते. दोन-तीन भरलेले खण एकाच वेळी बाहेर आले की कपाटाचा गुरुत्वमध्य पायाच्या पुढे जातो आणि सारे कपाट समोर उभ्या असलेल्या माणसावर कोसळू शकते. अशी योजना नसलेले कपाट घ्यावयाचे असल्यास ते भिंतीला बोल्टने जखडून टाकावे आणि जड हत्यारे खालच्या खणांत ठेवावीत.

चाकांचे कपाट असेल तर चाकांची भारक्षमता मोजताना एकूण वजनाला चाराने नव्हे तर तिनाने भागावे, कारण कार्यशाळेची जमीन सपाट नसते आणि एखादे चाक नेहमीच अधांतरी राहते. कपाट ६० किलोचे आणि हत्यारे १२० किलोंची असतील तर प्रत्येक चाक किमान ६० किलो पेलणारे हवे. दोन चाके फिरणारी व ब्रेकची आणि दोन सरळ, ही रचना ढकलण्यास सुलभ पडते. लोखंडाच्या कीस-बुरकुंड्यात साधे रबर लवकर चिरते. पॉलियुरेथेनची चाके अधिक तग धरतात.

रंग आणि गंज

बेंगळुरूची हवा सौम्य मानली जाते आणि मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याच्या तुलनेत ती तशी आहेही. तथापि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात पाऊस मे महिन्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो आणि रात्री गारवा पडतो. दिवसा दमट झालेली हवा रात्री थंड पोलादावर दवाप्रमाणे साचते. त्यात बोटांच्या घामातील क्षार मिळाले की उत्तम कानशीवरही तांबूस ठसे उमटतात.

पेटीला पावडर कोटिंग असावे. या पद्धतीत विद्युतभारित पावडर पत्र्यावर उडवून ती भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवली जाते. परंतु त्याआधी पत्रा तेलमुक्त करून त्यावर फॉस्फेटचा थर दिलेला नसेल तर बाहेरून झकास दिसणारा रंग एका वर्षात पापुद्र्याने सुटतो. ही पूर्वतयारी झाली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, तरी एक खूण उपयोगी पडते. विद्युतभारित पावडर खोलगट कोपऱ्यांत सहजासहजी शिरत नाही. झाकण उघडून आतील कोपरे, बिजागरीची मागची बाजू आणि तळाच्या घड्या पाहाव्यात. तेथेही रंग एकसारखा बसला असेल तर कारखान्याने काम मन लावून केले आहे असे समजण्यास हरकत नाही.

घरी आणल्यावर तळाला थोडा रबरी किंवा फोमचा थर घालावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी तापवून पुन्हा वापराव्यात. कानशी एकमेकींवर कधीही टाकू नयेत. दाते दात्यांवर घासून त्या बोथट होतात. मायक्रोमीटर ठेवताना त्याचे दोन जबडे घट्ट मिटवू नयेत, त्यांत किंचित अंतर ठेवावे. टॉर्क पान्याची स्प्रिंग काम संपल्यावर त्याच्या मापपट्टीवरील सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवावी. ही साधने शक्यतो त्यांच्या मूळ डब्यांसह स्वतंत्र खणात असावीत. अमेरिकेतील डेटन शहरात गर्स्टनर नावाचा कारखाना १९०६ पासून यंत्रकारागिरांसाठी लाकडी, आतून मखमलीसारखे फेल्ट लावलेल्या पेट्या बनवीत आला आहे. पोलादाच्या युगात लाकूड कशासाठी, असा प्रश्न पडेल. पण सूक्ष्म मापनसाधनांना धक्का आणि घासणी यांपासून जपण्यात लाकूड आणि फेल्ट आजही मागे नाहीत.

प्लॅस्टिकची पेटी आणि न दिसणारी ठिणगी

प्लॅस्टिकची पेटी हलकी असते, गंजत नाही आणि जमिनीवर ओरखडे काढीत नाही. पॉलिप्रॉपिलीनची जाड पेटी नळकाम, सुतारकाम किंवा विजेच्या फिटिंगसाठी चांगली. उन्हात मात्र ती ठिसूळ होते. गाडीच्या कॅरिअरवर रोज उन्हात राहणार असेल तर पोलाद किंवा ॲल्युमिनियमच घ्यावे.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या संदर्भात येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. साध्या प्लॅस्टिकवर घर्षणाने स्थिर विद्युतभार साचतो. माणसाच्या बोटाला स्थिर विजेचा चटका जाणवण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. उलट काही इलेक्ट्रॉनिक घटक १०० व्होल्टपेक्षाही कमी दाबाने निकामी होतात. म्हणजे घटक मेला तरी कारागिराला काही जाणवत नाही. त्याहून वाईट म्हणजे घटक पूर्ण न मरता अर्धवट दुखावतो, तपासणीत उत्तीर्ण होतो आणि ग्राहकाकडे गेल्यावर महिन्याभराने दगा देतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत ही शक्यता वाढते. सर्किट बोर्डांवर काम करणाऱ्यांनी म्हणूनच स्थिरविद्युतरोधक पेटी घ्यावी. तिच्या पृष्ठभागाचा रोध एकावर चार शून्ये ते एकावर अकरा शून्ये ओहम या मर्यादेत असला पाहिजे. इतक्या रोधातून साचलेला भार हळूहळू वाहून जातो, एकदम ठिणगी पडत नाही. विक्रेत्याकडून या मापाचा दाखला लेखी घ्यावा. केवळ काळा रंग पाहून फसू नये, तसेच वरून फवारलेला स्थिरविद्युतरोधक थर पुसला जाऊन कालांतराने निष्प्रभ होतो हेही ध्यानात ठेवावे. पोलादी पेटी भार साचू देत नाही, परंतु भारित बोर्ड उघड्या धातूवर ठेवला तर एकदम विसर्ग होतो. मध्ये योग्य चटई हवीच.

प्रत्येक हत्यारास जागा

आता उरलेली हकिकत. पिनांच्या प्रकरणानंतर काही आठवड्यांनी त्याच कार्यशाळेतून १५० मि.मी.चा डिजिटल व्हर्निअर नाहीसा झाला. पेटीला कुलूप नव्हते, कोणते हत्यार कोठे ठेवायचे याचा नियम नव्हता. शेवटी तो कोणाच्या हातात होता, हे कोणालाच सांगता येईना. संशय सर्वांत धाकट्या शिकाऊ मुलावर गेला. कोणी त्याला उघड चोर म्हटले नाही. पगारातून रक्कम कापण्याचीही भाषा झाली नाही. “मालक, मी नेला नाही,” एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागला. ऑक्टोबरमध्ये आयुधपूजेच्या आदल्या दिवशी पेटी पूर्ण रिकामी केली, तेव्हा तळाशी अंथरलेल्या तेलकट फडक्याच्या घडीत, मोठ्या रिंग पान्यांखाली, तो व्हर्निअर सापडला. ग्राहकाने ही गोष्ट शाखेत बसून सांगितली तेव्हा त्यांचा स्वर पिनांचा तोटा सांगतानाच्या स्वरापेक्षा कितीतरी खाली गेला होता.

यावर उपाय अवघड नाही. खणात दाट फोम घालून प्रत्येक हत्याराच्या आकाराचा कोरीव साचा करावा. वरचा थर एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा घ्यावा. हत्यार जागेवर नसले की खालचा भडक रंग डोळ्यांत भरतो आणि मोजणी न करताही कमतरता कळते. विमानांच्या देखभालीत ही पद्धत काटेकोरपणे पाळली जाते. ती ढिली पडली तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. एका ए-३८० विमानाच्या इंजिनात देखभालीनंतर सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे एक हत्यार राहून गेले आणि ते सापडेपर्यंत विमानाने ३४ उड्डाणे केली. हत्यार जागेवर नाही हे लक्षात आले होते, तरी ते सापडण्याआधी विमान सेवेत सोडले गेले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

फोम महाग वाटला तर खणाच्या तळाशी जाड पुठ्ठ्यावर हत्यारांच्या आकृती रेखाटल्या तरी काम भागते. भिंतीवर फळी लावून त्यावर हत्यारांच्या सावल्या रंगवणे हा त्याचाच भाऊ. या कल्पनेचा परमोत्कर्ष पाहावयाचा असेल तर अमेरिकेतील हेन्री स्टडली या पियानो कारागिराने बनवलेल्या भिंतीवरील पेटीचे छायाचित्र पाहावे. १९२५ मध्ये दिवंगत झालेल्या या गृहस्थाने बंद केल्यावर जेमतेम ३९ इंच उंच, २० इंच रुंद आणि ९ इंच खोल भरणाऱ्या त्या पेटीत जवळपास तीनशे हत्यारे, प्रत्येक आपापल्या जागी, बसवली होती. आपल्याला तीनशेची गरज नाही. तीस हत्यारे जागेवर राहिली तरी पुरे.

मोजणीसाठी वर्षातून एक दिवस तर आपल्या परंपरेनेच नेमून दिला आहे. महाराष्ट्रात खंडेनवमी आणि कर्नाटकात आयुधपूजा या नावाने नवरात्राच्या नवमीला हत्यारे धुऊन-पुसून पूजली जातात. त्या दिवशी पेटी रिकामी होतेच. हळदकुंकू वाहण्यापूर्वी यादी हातात घेऊन हत्यारे मोजावीत, मापनसाधनांचे शून्य तपासावे, झिजलेली वेगळी काढावीत. पूजेला बाधा येत नाही.

कुलूप, विमा आणि बँक

पेटीला दोन प्रकारची कुलपे असतात. कपाटाच्या एका कोपऱ्यात किल्ली फिरवून सर्व खण बंद करणारे मध्यवर्ती कुलूप सोयीचे, परंतु त्याचे आतील दांडे बारीक असतात. कडी-कोयंड्याला लावलेले स्वतंत्र कुलूप अधिक भक्कम. कोयंडा मात्र वेल्ड केलेला असावा, बाहेरून स्क्रूने लावलेला असू नये. किल्लीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि दुसरी किल्ली घरी असावी.

कुलपाचा संबंध विम्याशीही आहे आणि हा मुद्दा ग्राहकांना बहुधा हानी झाल्यावर कळतो. एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी उपलब्ध असलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आग, पूर आदी आपत्तींसाठी आहे. तीत चोरीचे संरक्षण, विमा असलेली आपत्ती घडल्यावर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतेच मर्यादित आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि तिच्यात सर्वसाधारणपणे बळजबरीने प्रवेश केल्याची खूण आवश्यक असते. उघड्या पेटीतून हत्यार गेले तर अशी खूण कोठून दाखवणार? शिवाय बाहेरच्या कामावर नेलेली हत्यारे कार्यशाळेच्या पॉलिसीत येतात का, हे विमा घेतानाच विचारून घ्यावे. हत्यारांची यादी, खरेदीची जीएसटी बिले आणि उघड्या खणांची छायाचित्रे जपून ठेवल्यास दाव्याच्या वेळी धावपळ होत नाही. बँकेकडे तारण असलेल्या मालमत्तेच्या तपासणीसाठीही हीच कागदपत्रे लागतात.

पेटी आणि हत्यारे यांसाठी अर्थसाहाय्याचे मार्गही आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, हातोडा व हत्यारसंच बनवणारे, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. पात्र कारागिरास हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने, तारणाविना, प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. लेथ-मिलिंगच्या कार्यशाळा यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी मुद्रा योजना आहे; तिच्यात ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंतचे ‘तरुण’ कर्ज मिळते. ‘तरुण’ कर्जाची यशस्वी परतफेड केलेल्यांसाठी २०२४ पासून मर्यादा २० लाखांपर्यंत वाढवण्यात आली आहे. प्रस्ताव देताना हत्यारे व पेटी यांचे दरपत्रक वेगळे जोडावे. ‘किरकोळ’ या एका शब्दावर विसंबू नये. शाखेतील सहकाऱ्यांनीही ती ओळ उलगडून मागितली तर ग्राहकाचे नुकसान होत नाही.

आमच्या बेळगावकर ग्राहकांनी नंतर बोम्मसंद्रातच एका पत्राकाम करणाऱ्याकडून १८ गेजचे सात खणांचे कपाट बनवून घेतले आणि बाहेरच्या कामासाठी २० गेजची साधी, एका झाकणाची पेटी घेतली. मायक्रोमीटर आता वरच्या खणात, फेल्टच्या डब्यात असतो. सोमवारी सकाळी त्याचे शून्य तपासून वहीत सही केली जाते. झाकणाच्या आतल्या बाजूस हत्यारांची यादी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चिकटवलेली आहे. व्हर्निअर सापडल्यावर त्यांनी त्या मुलाला दूरध्वनी केला होता. तो आता होसूरला एका कारखान्यात आहे. तो परत आला नाही. पण दसऱ्याला येऊन जेवून गेला.